वाळवीचं बिऱ्हाड

जुन्नरच्या पेठेत मी रक्त-लघवी तपासणीची लॅब टाकली, ती शेठांच्या जागेत. जागा घेऊन आठवडा झाला नसेल तोच माझ्या लक्षात आलं की आपले घरमालक रोज सकाळी दुसऱ्यांच्या घरात जाऊन बसतात. घरात कोणी नसताना, कुलूप उघडून. मी निरगुडसरची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे असं करणाऱ्याला वेगळं नाव आहे. आपण जागा बघताना माणूस बघायला विसरलो की काय, असं मला वाटलं होतं.

खुलासा साधा होता. शेठांचं कुलपांचं दुकान होतं. कुलपं, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, खिळे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. शेठ मराठीतच बोलायचे आणि चिडले तरी मराठीतच चिडायचे. पेठेतली माणसं एकेक करून पुण्याला, नाशिकला, मुंबईला गेली. जाताना घराला नवं कुलूप घ्यायला शेठांकडे आली आणि एक चावी तिथंच ठेवून गेली. ज्याच्याकडून कुलूप घेतलं त्याच्याकडे चावी ठेवायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या कुणी ती खिळ्याला अडकवून विसरून टाकली असती. शेठांनी तसं केलं नाही.

सकाळी जैन स्थानकातून प्रार्थना करून आले की ते चाव्यांचा जुडगा आणि वर्तमानपत्र घेऊन निघायचे. घराशी गेल्यावर आधी कडी वाजवायची. मग आत कोणी नाही हे माहीत असताना मालकाच्या नावानं हाक मारायची, थोडं थांबायचं, आणि "आलो हं" म्हणत कुलूप काढायचं. आत गेल्यावर खिडक्या उघडायच्या, कोनाड्यातली जळमटं काठीला फडकं बांधून हळूच बाजूला करायची, कोळी असेल तर त्याला फडक्यावर घेऊन बाहेर सोडायचं. मग ओसरीवर बसून वर्तमानपत्राचं एक पान वाचायचं. एका घरात एकच पान. पहिलं पान पहिल्या घरात, अग्रलेख दुसऱ्यात, बाजारभाव तिसऱ्यात. पान संपलं की खिडक्या लावून पुढच्या घरी.

"घरी बसून सलग का वाचत नाही?" मी एकदा विचारलं.

"घराला माणसाचा वास लागतो, ताई. नाहीतर ते कुजतं. मला बसायला काहीतरी निमित्त पाहिजे की नको? नुसतं बसलं तर लोक वेडा म्हणतील."

लोक तसंही म्हणत होतेच. पानवाला तर रोज विचारायचा, "शेठ, आज क्रिकेट कुणाच्या घरी?" शेठ न थांबता घराचं नाव सांगायचे.

मालकांना ते फोनही करायचे. "तुमच्या सज्ज्याखालचा घोडा जरा सुटलाय," असं सांगायचे. घोडा म्हणजे सज्ज्याला खालून टेकू देणारं कोरीव लाकूड. पलीकडचा माणूस ठाण्यात किंवा चिंचवडला ऑफिसात बसलेला. त्याला कुठला घोडा ते कळायचं नाही. शेठ मग समजावून सांगायचे. त्याच्या आजोबांनी सुतार कुठून आणला होता, तिथपासून.

मी या माणसाशी पहिले सहा महिने भांडतच होते. माझ्या लॅबच्या जागेला शटर नव्हतं, जुन्या फळ्या होत्या. उभ्या सागवानी फळ्या, एकामागून एक खाचेत सरकवायच्या, शेवटच्या फळीला कुलूप. प्रत्येकीचा क्रम ठरलेला, खालच्या बाजूला खुणेच्या खाचा. सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला आलेली माणसं ओट्यावर उभी आणि मी घामाघूम होऊन फळ्या काढतेय, असा प्रकार. मी शटर मागितलं. शेठ म्हणाले, "शटर धाडकन वर जातं. आजारी माणूस दचकतो." मी ॲल्युमिनियमचं काचेचं दार मागितलं. ते म्हणाले, "काचेतून सगळी पेठ बघेल कुणाला काय टोचताय ते." दोन्ही मुद्दे खोडता येण्यासारखे नव्हते, याचाच मला जास्त राग आला. पुढे फळ्यांची सवय झाली. दार अर्धं उघडायचं असेल तर अर्ध्याच फळ्या काढता येतात आणि पावसाची झड आली तर एखादी परत लावता येते, हे शटरला जमत नाही. हे मी शेठांना कधी सांगितलं नाही.

माझ्या धंद्याबद्दल त्यांना एक अडचण होती, ती त्यांनी जागा देतानाच बोलून दाखवली होती. "तुमच्याकडे रोज लाखो जीव मरणार."

"शेठ, ते जंतू असतात."

"मी पण तेच म्हणतोय." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण माणसं बरी होतात ना? मग घ्या जागा. मला फक्त सांगत बसू नका, आज कुणाला काय घालून मारलं ते."

शेठ उकळलेलं पाणी प्यायचे, सूर्य मावळायच्या आत जेवायचे, कांदा-बटाटा घरात येऊ द्यायचे नाहीत. हे त्यांच्या समाजातले बरेच जण करतात. शेठांचं वेगळेपण असं की या सगळ्याचा ते गाजावाजा करत नसत, पण त्यातून एक बोटभरही हलत नसत. कुणाला मारायचं नाही, कुणाकडून मारवायचं नाही आणि कुणी मारलं तर बरं झालं असं म्हणायचं नाही. या तिसऱ्या कलमावर मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातलाय. डास मारला तर निदान मनातल्या मनात बरं वाटायला काय हरकत आहे, असं माझं म्हणणं. ते हसायचे आणि पंखा वाढवायचे.

एकदा आम्ही लेण्याद्रीला गेलो होतो. पाहुणे आले होते म्हणून मी निघाले, तर शेठ म्हणाले, मीही येतो. पायऱ्या चढून सगळे गणपतीच्या रांगेत उभे राहिले. शेठ मला शेजारच्या चैत्याच्या लेण्यात घेऊन गेले आणि मान वर करून उभे राहिले. वर कमानदार छत आणि छताला दगडात कोरलेल्या फासळ्या, नावेच्या आत असतात तशा.

"दगडाला फासळ्या कशाला?" ते म्हणाले. "डोंगर काय खाली येणार होता?"

"दिसायला बरं म्हणून असेल."

"सवय. लाकडाची घरं बांधणारी माणसं होती ती. दगड फोडायला बसली तरी हात लाकडाचाच चालला." थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ह्याला मात्र वाळवी लागत नाही."

ते त्यांनी ज्या तऱ्हेनं म्हटलं, ते मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. शेजाऱ्याचं पोर पहिलं आल्यावर माणूस आपल्या नापास मुलाविषयी बोलतो, तसं.

आता कोपऱ्यावरच्या घराविषयी सांगायला हवं. ते घर बाईंचं. बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, अर्धी पेठ त्यांच्या हाताखालून गेलेली. यजमान गेल्यावर त्या लेकीकडे नाशिकला गेल्या. घर बघण्यासारखं होतं. काळ्या दगडाचं उंच जोतं, दोन बाजूंना ओटा, वरच्या मजल्याला रस्त्यावर आलेला लाकडी सज्जा आणि सज्ज्याखाली पोपटांची रांग कोरलेली. एका पोपटाची चोच तुटलेली होती. ती कुणाच्या पतंगामुळे तुटली तेही शेठांना ठाऊक होतं. सगळ्या बंद घरांत शेठांचं या घरावर जास्त लक्ष. अग्रलेख इथंच वाचला जायचा.

एका दुपारी बाईंचा मला फोन आला. "मी परत यायचं म्हणतेय. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, पण मी तिथं पाहुणी आहे. चहा कधी घ्यायचा ते दुसरं कोणी ठरवतं."

"मग या की."

"लेकीचं म्हणणं, घर जुनं झालं, विकून टाक. गिऱ्हाईकही आहे. शेवटी आमचं ठरलंय, घर राहण्याजोगं असेल तर मी राहीन, नसेल तर विकायचं, मग मी कुरकुर करायची नाही. शेठना विचारलं तर ते म्हणतात सगळं छान आहे. त्यांना सगळीच घरं छान दिसतात. तू जरा तुझ्या डोळ्यांनी बघून सांग."

मी शेठांना म्हटलं, चला. ते म्हणाले, आज नको. दुसऱ्या दिवशी त्यांना मंचरला जायचं होतं. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. मी गुडघ्यावर मलम दिलं आणि तिथंच उभी राहिले. तेव्हा निघाले.

ओसरी स्वच्छ होती. वरचा मजला स्वच्छ होता, कडीपाटाच्या छताच्या फळ्या तेल लावून चमकत होत्या. माजघरात गेले तेव्हा शेठ माझ्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले. मला असली लक्षणं ओळखता येतात. रोज कुणी ना कुणी माझ्याकडे साखर खाऊन येतं आणि उपाशी आहे म्हणून सांगतं. मी त्यांना वळसा घालून गेले. भिंतीवरून मातीच्या बारीक वाटा वर चढत होत्या आणि मधल्या तुळईत शिरत होत्या. मी स्टुलावर चढून हातातलं बॉलपेन तुळईला टेकवलं. जोर न देता ते टोपणापर्यंत आत गेलं.

"मागचं दार उघडा," मी म्हटलं.

"मागे काय, परसच आहे."

मी स्वतःच अडसर काढला. परसात भिंतीला लागून लाकडाचा ढीग रचलेला होता. वखारीतले मऊ तुकडे, आंब्याच्या ढलप्या, उसाची चिपाडं, पुठ्ठे, वर गोणपाट. सगळं ओलं. बाजूला पाण्याची कळशी आणि तांब्या. गोणपाट उचलला तर खाली पांढरी वळवळ. मी तो खाली टाकला.

"हे काय आहे?"

"जेवण," शेठ म्हणाले.

"कुणाचं?"

"आतल्यांचं."

मग ते पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांना माजघरात पहिली मातीची वाट दिसली. बाईंना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पंप घेऊन माणूस आला असता. म्हणून त्यांनी स्वतःच तोड काढली. आतलं लाकूड जुनं, वाळकं. बाहेर ओलं, मऊ, ताजं दिलं तर ती आपण होऊन बाहेर येतील. हाकलायचं नाही, मारायचं नाही, पंगत बाहेर मांडायची. वखारवाला त्यांना विचारायचा, शेठ, एवढं भंगार लाकूड कशाला? ते म्हणायचे, पाहुणे आहेत.

"आणि आली का बाहेर?"

"आली की. बघितलंत ना किती आलीत."

"आतली कमी झाली का?"

त्यांनी कळशीकडे पाहिलं. "तेवढं अजून जमलं नाही."

मी भडकले. माझा आवाज मोठा आहे, तो त्या दिवशी पेठेत ऐकू गेला असणार. मी म्हटलं, तुम्ही दोन वर्षं वाळवी पाळलीत. बाईंची राहायची सोय तुम्ही पाणी घालून घालून घालवलीत. आता लेक घर विकणार, घेणारा यंत्र लावून ते अर्ध्या दिवसात पाडणार आणि तुमचे पोपट ट्रॉलीतून जाणार. तेव्हा अग्रलेख कुठं वाचणार?

 माझं झाल्यावर शेठ म्हणाले, "बाईंनी घर माझ्या भरवशावर टाकलं. ते खरं. पण आतली ती पण माझ्याच भरवशावर राहत होती ना. मी दार उघडणारा. मीच कुणाला आत घालू त्यांच्या जिवावर?"

"बाईंना तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्यांनी तिथंच फोन लावला. "बाई, मधल्या तुळईला वाळवी आहे. मला माहीत होतं. मी लपवलं." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.  दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं बाई हजर झाल्या.

पेठेतल्या सुतारानं तुळई ठोकून पाहिली. "मधली तेवढी आंब्याची हाय, बाई. कुणी कधी बदलली काय म्हाईत. बाकी समदं साग, त्याला काय झालं न्हाई. ही काढू, सागाची चढवू. पण आधी जमिनीत औषध मारा. नायतर माझ्या तुळईचा बी नाष्टा व्हईल."

म्हणजे घर वाचणार होतं. औषध मारलं तर.

बाई ओसरीवर बसल्या होत्या, शेठ खाली ओट्यावर उभे. बाईंसमोर ते कधी बसत नसत. शेठांची लेक बाईंच्या वर्गात होती.

"शेठ, औषध मारायचंय," बाई म्हणाल्या.

"तुमचं घर आहे. मी मध्ये येणार नाही. पण माझ्याकडून 'हो' येणार नाही."

"तुमचं 'हो' मागितलंय कुणी?"

शेठांनी मान हलवली. जुडग्यातून बाईंच्या घराची चावी काढायला लागले. कडी घट्ट होती, निघेना. दातानं उघडायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या. मी काय म्हणते ते ऐका आधी. औषधवाला सोमवारी येणार आहे. आज बुधवार. तोवर तुम्हाला जेवढी नेता येतील तेवढी न्या."

"कुठं?" शेठांनी विचारलं.

"ते मला नका विचारू. पंगत तुम्ही मांडलीत."

मी बाईंकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं पोरींना शिस्त लावलेली बाई. तिच्या घराची तुळई या माणसानं खाऊ घातली होती आणि ती त्याला सोमवारपर्यंत मुदत देत होती. शेठ मात्र तेवढ्यानं असे कामाला लागले की जणू बदलीचा हुकूम आलाय. हाताला मऊ फडकी गुंडाळून त्यांनी ढिगातलं एकेक लाकूड उचलून पाट्यांत ठेवलं. आपटायचं नाही, झटकायचं नाही. आतल्या तुळईचा सुटलेला भागही सुतारानं त्यांना काढून दिला. तो पोराला अंगावर घ्यावं तसा घेऊन ते बाहेर आले.

मी शिवनेरीच्या पायथ्याशी टाका म्हटलं. ते म्हणाले, जवळ वस्ती आहे, कुणाच्या तरी घरात शिरतील. आपली पीडा दुसऱ्याच्या तुळईला नको. मग मी माझ्या भावाला निरगुडसरला फोन केला. त्याच्याकडे पिकअप आहे.

"ताई, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का?" भाऊ म्हणाला. "लोक वाळवी घालवत्यात. तू पोचवायला निघालीस. आन माझ्या बांधावर? माझा ऊस हाय तिथं."

"बांधावर नाही. नुसती गाडी घेऊन ये."

आला. शेठांना बघून तो जरा नरमला. शेठ गाडीच्या मागच्या हौद्यात लाकडांजवळ बसायचं म्हणत होते, त्यांना ओढून पुढे बसवलं. आळेफाट्याला आम्ही दोघांनी चहा घेतला, शेठांनी गोणपाटावर पाणी शिंपडलं. हॉटेलवाल्यानं विचारलं, "पावणं, रोपं हायेत का?" भाऊ म्हणाला, "बिऱ्हाड हाय. बदली झाली."

आणे घाटात रस्त्यापासून बऱ्याच आत, बोरी-बाभळीच्या उतारावर शेठांनी जागा पसंत केली. जवळपास घर नाही, गोठा नाही. तिथं एक पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. लाकडं त्याच्या सावलीत उतरवली. शेठ मग वारुळाभोवती फिरले. मी त्यांना घरं बघताना बघितलंय, अगदी तसे. मागे जाऊन उंची बघितली, वाकून पाया बघितला, वरच्या भोकांशी तळहात धरला.

"हवा खेळवलीय आतून," ते म्हणाले. "गरम वरून जाते. आणि बूड किती रुंद ठेवलंय बघा. ना सुतार, ना गवंडी."

"शेठ, आता ह्याचीबी चावी मागताय का?" भाऊ म्हणाला.

शेठ खूप हसले. मग हसू थांबलं आणि ते तसेच वारुळाला हात लावून उभे राहिले. "तिकडं बाईंच्या घराखाली ह्यांच्यासारखंच केलं असेल त्यांनी," ते म्हणाले. "सोमवारी ते जाणार."

 भावानं गाडी सुरू केली. ऊन उतरायला लागलं होतं आणि शेठांना सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी पोचवायचं होतं.

सोमवारी औषधवाला आला. शेठांनी निर्जळी उपास धरला आणि दिवसभर स्थानकात बसून राहिले. दुकान बंद. नवी तुळई चढली, बाई राहायला आल्या, लेकीनं येऊन पोपट मोजले आणि विकायचा विषय पुन्हा काढला नाही. शेठ मात्र त्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. बाहेरच्या ओट्यावर बसून अग्रलेख वाचायचे. बाई आतून त्यांच्यासाठी पाणी उकळून आणायच्या आणि त्याही ओट्यावर बसायच्या. अग्रलेख पटला नाही की दोघांचं वाजायचं. बाई त्यांना एकदाही आत या म्हणाल्या नाहीत. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांना जमत नाही, तर का म्हणायचं?"

मग शेठांच्या छातीचं दुखणं निघालं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जुडगा बाईंकडे आला. फ्लॅट बाराव्या मजल्यावर. फोनवर ते माझ्याकडे तक्रार करायचे की इथलं दार ओढलं की आपोआप बंद होतं, माणसानं कुलूप लावायचं कामच ठेवलं नाही. घरांची विचारपूस करायचे. घाटातल्या लाकडांचा विषय मात्र कधी काढला नाही. मीही नाही.

नंतर एकदा मी नगरहून लग्न आटपून येत होते. घाटात ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं आणि उतारावर चालत गेले. रेशमी साडी बोरीला अडकली, ती सोडवत. वारूळ होतं. शेजारी लाकडं होती, मातीनं लिंपल्यासारखी. त्यातलं सगळ्यात मोठं, बाईंच्या तुळईचं, मी उचललं तर पापडासारखं हलकं लागलं. नुसतं टरफल. आत पांढरी गर्दी होती.

तिथूनच फोन लावला. सून बोलली, मग तिनं तो त्यांच्या कानाशी धरला असावा.

"शेठ, आणे घाटात आहे मी."

श्वास ऐकू येत होता. "लाकडं?"

"आहेत. पोखरून टरफलं केलीत."

"आणि ती?"

"आहेत."

पुढचा प्रश्न मला माहीत होता. औषधवाल्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं की राणीशिवाय ती जगत नाहीत. म्हणजे ही बहुधा त्या वारुळातलीच, आपली नव्हेत. शेठांनी विचारलं असतं तर मी माहीत नाही म्हणाले असते, आणि ते खरंही होतं. शेठांनी विचारलं नाही.

"तुम्ही लाकूड हातात धरलंय का आत्ता?"

"हो."

"ठेवा मग लवकर. उन्हात आहेत ती."

मी वाकून लाकूड जिथलं तिथं ठेवलं, मातीची बाजू खाली करून. "ठेवलं," मी म्हटलं.

"सावकाश ना?"

"सावकाश."